कोणाच्या वतीने कोण बोलणार? : अरुणा शानभाग प्रकरणाचा अभ्यास

७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘अरुणा रामचंद्र शानभाग विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात निकाल दिला. त्याची ओळख सहसा एकाच वाक्यात करून दिली जाते : उपचार किंवा कृत्रिम आधार काढून घेऊन मृत्यू येऊ देण्याला, म्हणजेच निष्क्रिय दयामरणाला, या निकालाने भारतात पहिल्यांदा कायदेशीर वाट मिळाली. हे खरेच आहे. पण ज्यांच्या नावाने ही वाट उघडली त्या, मेंदूची हानी होऊन दशकानुदशके अंथरुणाला खिळलेल्या, शानभाग यांच्यापुरती ती त्याच निकालाने बंद राहिली, आणि त्यामागचे निर्णायक कारण वैद्यकीय नव्हते. शानभाग यांची प्रकृती सुधारेल असा दावा कोणीही केला नव्हता. याचिका करणाऱ्या व्यक्तीला त्यांच्या वतीने असा निर्णय मागता येणार नाही, तो अधिकार त्यांना सांभाळणाऱ्या मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा आहे आणि त्या कर्मचाऱ्यांना त्या जगायला हव्या आहेत, या कारणावरून याचिका फेटाळली गेली. स्वतः बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने कोणी बोलायचे हाच या प्रकरणाचा गाभा आहे असे मला वाटते, आणि दयामरण योग्य की अयोग्य या नेहमीच्या वादात नेमका तोच बाजूला पडतो.

१९७३ : पहिला निर्णय

अरुणा शानभाग मूळच्या कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरच्या. परळच्या केईएम रुग्णालयात त्या परिचारिका म्हणून काम करीत होत्या आणि त्याच रुग्णालयातील एका डॉक्टरांशी त्यांचा विवाह ठरलेला होता. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी काम संपवून तळघरात कपडे बदलत असताना रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला. कुत्र्याला बांधण्याची साखळी गळ्याभोवती आवळून त्याने त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या तेव्हा मेंदूची कायमची हानी होऊन चुकली होती. त्या वेळी त्यांचे वय २५ होते.

पोलिसांत गुन्हा नोंदला गेला तो जबरी चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख टाळण्यात आला, कारण तो उघड झाला तर मुलीची आणि तिच्या ठरलेल्या लग्नाची बदनामी होईल असे रुग्णालयाच्या वरिष्ठांना वाटले. हल्लेखोराला सात वर्षांची शिक्षा झाली आणि ती भोगून तो सुटला. बलात्काराची तेव्हाची कायदेशीर व्याख्या इतकी अरुंद होती की हा अत्याचार तिच्यात बसला नसता. ती व्याख्या २०१३ साली रुंदावली. पण अनैसर्गिक संभोगाचे ३७७ कलम तेव्हाही होते आणि ते लावले गेले नाही. याची चर्चा सहसा स्त्रीवरील अन्यायाच्या अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. वैद्यकीय नीतीच्या अंगाने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते : अरुणा शानभाग यांच्या ‘भल्यासाठी’ त्यांना न विचारता घेतलेला हा पहिला निर्णय होता, आणि तो घेणारी संस्था एकाच वेळी त्यांची मालक, त्यांच्यावर उपचार करणारी आणि जिच्या आवारात गुन्हा घडला अशी संस्था होती. हितसंबंध इतके गुंतलेले असताना ‘तिच्या अब्रूसाठी’ आणि ‘रुग्णालयाच्या अब्रूसाठी’ या दोन हेतूंमधली रेघ कोणी आणि कशी ओढायची?

सांभाळ

पुढची ४२ वर्षे त्या केईएममध्येच राहिल्या. वॉर्ड क्रमांक ४ ला लागून असलेल्या एका लहान खोलीत रुग्णालयाच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. ‘सांभाळले’ हा शब्द येथे किती काम अंगावर घेतो, हे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा ज्यांनी केली आहे त्यांनाच नीट कळेल. हालचाल न करणाऱ्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, त्वचा कोरडी ठेवावी लागते, मलमूत्राची स्वच्छता लगेच करावी लागते, आखडलेले सांधे हलवावे लागतात, आणि घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून अन्न मऊ करून सावकाश भरवावे लागते. यात काही दिवस ढिलाई झाली तरी पाठीवर आणि कमरेवर शय्याव्रण पडतात आणि ते चिघळून रुग्ण जाऊ शकतो. इतक्या वर्षांत शानभाग यांना एकही शय्याव्रण झाला नाही, ही गोष्ट न्यायालयाने निकालात मुद्दाम नोंदवली. महापालिकेच्या गर्दीच्या रुग्णालयात, जेथे एकेका परिचारिकेच्या वाट्याला किती रुग्ण येतात हे मुंबईकरांना सांगायला नको, तेथे हे घडले.

१९८० च्या दशकात, अनेक वर्षे अडलेली खाट मोकळी व्हावी म्हणून त्यांना केईएममधून हलविण्याचे प्रयत्न महापालिकेने केले, तेव्हा परिचारिकांनी आंदोलन करून ते हाणून पाडले. त्या दरवर्षी त्यांचा वाढदिवस साजरा करीत. १९७३ मध्ये ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुली नोकरीला लागून या सेवेत सामील झाल्या, आणि सेवानिवृत्त झालेल्या एका कर्मचारी बाईंनी पगार किंवा प्रवासखर्च न घेताही येऊन काम करण्याची तयारी दाखवली. आईवडील वारले होते आणि इतर नातलगांचे येणे जवळपास थांबले होते, म्हणून नात्याच्या जागी ही मंडळी उभी राहिली.

याचिका आणि तपासणी

२००९ साली पत्रकार पिंकी विराणी यांनी शानभाग यांच्या वादमित्र म्हणून, म्हणजे स्वतः दाद मागू न शकणाऱ्याच्या वतीने न्यायालयात उभी राहणारी व्यक्ती म्हणून, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. विराणी अनेक वर्षे या प्रकरणाचा पाठपुरावा करीत होत्या. त्यांचे म्हणणे असे की, शानभाग यांचे हाडांच्या सापळ्यासारखे शरीर उरले आहे, त्यांना कसलीही जाणीव नाही, त्यांच्या तोंडात भरडलेले अन्न घातले जाते एवढ्यावर त्या जिवंत आहेत, म्हणून अन्न देणे थांबवून त्यांना शांतपणे मरू द्यावे. रुग्णालयाने उत्तरात अगदी वेगळे चित्र मांडले : त्या अन्न घेतात, चेहऱ्यावर भाव उमटतात, कधी आवाज काढून प्रतिसाद देतात. एकाच रुग्णाची ही दोन वर्णने इतकी विसंगत होती की जानेवारी २०११ मध्ये न्यायालयाने मुंबईतील तीन डॉक्टरांची समिती नेमली. टाटा रुग्णालयाचे अतिदक्षता व वेदनाशमन तज्ज्ञ डॉ. जे. व्ही. दिवेटिया, हिंदुजा रुग्णालयाचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. रूप गुरसहानी आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. नीलेश शहा हे तिचे सदस्य होते.

समितीच्या अहवालाने दोन्ही बाजूंच्या वर्णनांना मर्यादा घातली. शानभाग मेंदूमृत नव्हत्या; त्या स्वतः श्वास घेत होत्या, त्यांचे डोळे उघडत, पापण्या लवत, झोपेचे आणि जागेपणाचे चक्र चालू होते. त्या कोमातही नव्हत्या. ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अवस्थेचे बहुतेक निकष त्यांना लागू पडत होते. या अवस्थेत मेंदूचा खालचा भाग शरीर चालू ठेवतो, पण स्वतःची आणि भोवतालची जाण असल्याचा खात्रीलायक पुरावा मिळत नाही. त्याच वेळी खोलीत खूप माणसे जमली की त्या अस्वस्थ होऊन आवाज काढतात, असेही दिसले; मासे आणि कोंबडीचे सूप त्यांना आवडते, असे कर्मचाऱ्यांनी सांगितले. सप्टेंबर २०१० मध्ये मलेरिया होईपर्यंत त्या तोंडाने खात होत्या; त्यानंतर अन्न नाकातून घातलेल्या नळीने दिले जाऊ लागले.

मेंदूमृत्यूची व्याख्या अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात आहे, आणि त्या व्याख्येत बसणाऱ्या रुग्णाविषयी नैतिक पेच तुलनेने कमी असतो. शानभाग यांच्यासारख्या अवस्थेत मात्र रुग्ण मृत नसतो, मरणासन्नही नसतो. चांगली सेवा झाली तर तो दशकानुदशके जगतो. म्हणजे ज्या सेवेचे आपण कौतुक करतो तीच सेवा हा प्रश्न लांबवीत असते. हे लिहिणे कठोर वाटेल, पण परिचारिकांनी थोडे कमी चांगले काम केले असते तर हा खटला उभाच राहिला नसता.

निकालाचे तर्कशास्त्र

न्यायालयाने आधार घेतला तो इंग्लंडमधील १९९३ च्या ‘एअरडेल’ खटल्याचा. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानातील चेंगराचेंगरीत मेंदूची हानी झालेल्या अँथनी ब्लँड या तरुणाला नळीने दिले जाणारे अन्न थांबविण्याची परवानगी तेथील हाउस ऑफ लॉर्ड्सने दिली होती. नळीने अन्न देणे हा वैद्यकीय उपचार आहे, आणि ज्या उपचाराने रुग्णाचे हित साधत नाही तो चालू ठेवण्याचे बंधन डॉक्टरांवर नाही, असा तो युक्तिवाद होता. ब्लँड यांच्या बाबतीत डॉक्टर आणि आईवडील एकमताने न्यायालयात आले होते. परळमध्ये नेमके उलट होते; बाहेरची एक व्यक्ती थांबवा म्हणत होती आणि रोज घास भरविणारे नको म्हणत होते.

खंडपीठाने सर्वसाधारण नियम घालून दिला : सक्रिय दयामरण, म्हणजे औषध किंवा इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे, बेकायदाच राहील, निष्क्रिय दयामरणाचा निर्णय आईवडील, जोडीदार, जवळचे नातलग, ते नसतील तर वादमित्र किंवा उपचार करणारे डॉक्टर घेऊ शकतील, पण त्याला उच्च न्यायालयाची मान्यता लागेल आणि उच्च न्यायालय तीन डॉक्टरांचे मत घेऊन निर्णय देईल. मालमत्तेच्या लोभाने नातलग या सोयीचा गैरवापर करतील ही भीती या कडक पद्धतीमागे होती, आणि आपल्याकडचे वारसाहक्काचे तंटे पाहता ती अनाठायी म्हणता येत नाही. मग प्रत्यक्ष प्रकरणाकडे वळून न्यायालयाने म्हटले की विराणी यांची तळमळ मान्य असली तरी शानभाग यांचे खरे वादमित्र केईएमचे कर्मचारी आहेत. पुढे कधी कर्मचाऱ्यांचे मत बदलले तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे अर्ज करावा, अशीही पुस्ती जोडली. निकाल कळताच केईएममध्ये परिचारिकांनी पेढे वाटले.

सेवेतून येणारा अधिकार

जो सांभाळतो त्याला बोलण्याचा हक्क, हे तत्त्व आपल्याला सहज पटते. जन्म देणाऱ्यापेक्षा वाढविणाऱ्याला मान देण्याची आपली रीत आहे. त्याला ज्ञानाचीही बाजू आहे : ज्या हातांनी हजारो वेळा घास भरवला त्यांना नकाराचे मिटलेले ओठ आणि भुकेने उघडलेले तोंड यांतला फरक कळतो, तो दोन-तीन भेटींत कोणालाही कळणार नाही. म्हणून विराणी यांच्याऐवजी परिचारिकांना झुकते माप देणे मला बरोबर वाटते.

पण न्यायालय तेथेच थांबायला नको होते. प्रतिनिधी कोण हे ठरवणे ही पहिली पायरी झाली. त्या प्रतिनिधीने कोणत्या कसोटीवर निर्णय घ्यायचा ही दुसरी. वैद्यकीय नीतीत या दुसऱ्या पायरीवर दोन प्रश्न विचारले जातात. शुद्धीवर असती तर या रुग्णाने काय मागितले असते? आणि ते कळण्याचा मार्ग नसेल, तर आजच्या अवस्थेत तिचे हित कशात आहे? कर्मचाऱ्यांनी न्यायालयाला जे सांगितले ते मुख्यत्वे वेगळ्याच गोष्टीविषयी होते : आम्हाला तिच्याविषयी माया आहे, आम्ही तिला सांभाळू, तिला मारण्याचा विचार आमच्या मनात कधी आला नाही. यातला प्रत्येक शब्द खरा असेल. तरीही तो सांभाळणाऱ्यांच्या भावनेविषयीचा पुरावा आहे, रुग्णाच्या इच्छेविषयीचा नाही. पंचवीस वर्षांच्या, रुग्णालयात काम करणाऱ्या, मरणासन्न माणसे रोज पाहणाऱ्या त्या परिचारिकेचे अशा जगण्याविषयी काय मत होते, याची चौकशी निकालात दिसत नाही. कदाचित त्या काळच्या सहकाऱ्यांपैकी कोणाला काही आठवले असते, कदाचित नसते. पण तो प्रश्न मध्यभागी आला नाही.

दुसरी अडचण संस्थेची आहे. ‘केईएमचे कर्मचारी’ म्हणजे वैयक्तिक परिचारिका, त्यांची संघटना, डॉक्टर आणि महापालिकेचे प्रशासन हे सगळे एकाच नावाखाली येतात. १९७३ मध्ये अत्याचार दडपला गेला तो याच संस्थेत, आणि खाट मोकळी करण्याचा प्रयत्न करणारी महापालिका हीच या संस्थेची मालक. परिचारिकांना याचे श्रेय आहे की त्या प्रत्येक वेळी रुग्णाच्या बाजूने उभ्या राहिल्या. पण न्यायालयाने नियम घालताना एका अपवादात्मक चांगल्या उदाहरणावरून संस्थेला पालकत्व दिले, आणि उपचार करणारा व प्रतिनिधी हे एकच असू नयेत ही खबरदारी सुटली. उद्या एखाद्या रुग्णालयाला बेवारस रुग्णाची खाट हवी असेल, तर हाच नियम उलट्या दिशेने चालेल.

आणि तिसरी गोष्ट अन्नाची. पाश्चात्त्य खटल्यांत नळीने दिलेले अन्न उपचारात मोडते, हे आता सर्वमान्य आहे. पण शानभाग यांना बहुतांश काळ चमच्याने भरवले गेले, आणि भरवणे थांबवा असे परिचारिकेला सांगणे म्हणजे उपाशी ठेव असे सांगणे आहे, असे त्यांना वाटले तर त्यात अडाणीपणा नाही. व्हेंटिलेटर बंद करणे आणि घास न देणे यांत तार्किक फरक फारसा नसेलही. ज्याला ते हाताने करायचे आहे त्याच्या दृष्टीने तो फार मोठा आहे, आणि नीतीच्या विचाराला या हातांचा विचार करावा लागतो.

येथे एक विषयांतर करतो. न्यायालयात दयामरणाचा असा बारकाईने काथ्याकूट चालू असताना आपल्या अतिदक्षता विभागांत रोज जे घडते त्याला कोणी दयामरण म्हणत नाही. बिल वाढत जाते, दागिने मोडून झालेले असतात, आणि मुलगा ‘डामा’च्या, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या, कागदावर सही करून वडिलांना घेऊन जातो. तेथे ना तीन डॉक्टरांची समिती असते ना उच्च न्यायालय. पैशाने घेतलेला निर्णय खासगी राहतो, आणि मायेने घेतलेल्या निर्णयाला मात्र निकालपत्र लागते.

२०१५ आणि त्यानंतर

मे २०१५ मध्ये शानभाग यांना न्यूमोनिया झाला. त्यांना अतिदक्षता विभागात नेऊन व्हेंटिलेटर लावण्यात आला आणि १८ मे रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्काराला केईएमची मंडळी मोठ्या संख्येने होती. २०११ मध्ये घास न थांबवण्याचा आग्रह एक वेळ समजू शकतो. पण चार दशकांच्या त्या अवस्थेनंतर, सहासष्टाव्या वर्षी, श्वसननलिकेत नळी घालणे आवश्यक होते का, हा प्रश्न वेगळा आहे. असलेला आधार काढण्यापेक्षा नवा आधार न देणे हे नैतिकदृष्ट्या आणि मनाच्या दृष्टीनेही सोपे असते. न्यूमोनियाच्या वेळी वेदना आणि धाप कमी करणारी शुश्रूषा तेवढी करायची, असे आधीच ठरवून ठेवता आले असते. २०११ च्या निकालाने कर्मचाऱ्यांना उच्च न्यायालयात जाण्याची मुभा दिली होती, पण ‘जगू द्या’ आणि ‘मरू द्या’ यांच्या मधल्या या पायऱ्यांवर त्या निकालात मार्गदर्शन नव्हते.

९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्कात सामावलेला असल्याचे सांगितले आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे पुढे बोलता येईनासे झाले तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. २०११ च्या खंडपीठाने आत्महत्या आणि मरण्याचा हक्क यांविषयीच्या ‘ग्यान कौर’ या १९९६ च्या निकालाचा अर्थ लावताना चूक केली होती, हेही घटनापीठाने नोंदवले. २०१८ ची पद्धत इतकी किचकट होती की ती वापरणे जवळपास अशक्य होते. जानेवारी २०२३ मध्ये ती सुटसुटीत करण्यात आली. आता इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते, आणि निर्णयासाठी रुग्णालयाचे प्राथमिक व दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळे पुरतात. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचे इच्छापत्र केले आणि ते जपून ठेवणारा अधिकारीच नेमलेला नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये असे अभिरक्षक नेमले गेले.

इच्छापत्र करणाऱ्याचा प्रश्न यामुळे बराच सुटला. ज्याने ते केलेले नाही, अशा रुग्णासाठी नव्या पद्धतीत कुटुंबीय, वादमित्र किंवा पालक यांची लेखी संमती लागते. कुटुंब पांगलेले, इच्छापत्र नाही, आणि खाट सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात, अशा रुग्णाच्या बाबतीत प्राथमिक मंडळ रुग्णालयाचे, दुय्यम मंडळही रुग्णालयाने बसवलेले, आणि वादमित्र म्हणून पुढे येणारी माणसेही बहुधा रुग्णालयाचीच असतील. दुय्यम मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर असतो, एवढाच बाहेरचा डोळा. अशा रुग्णांसाठी, उपचारांशी किंवा खाटेशी संबंध नसलेला आणि रुग्णाच्या पूर्वायुष्याची चौकशी करून अहवाल देणारा स्वतंत्र प्रतिनिधी नेमण्याची तरतूद या पद्धतीत नाही.